बारा व्होल्ट म्हणजे किती व्होल्ट?

काही वर्षांपूर्वी डोंबिवली पूर्वेकडील एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. नववीतल्या तिघांनी बससाठी 'पुढील थांबा' दाखवणारा फलक केला होता. लाल एलईडींच्या ओळी, त्यामागे एक मायक्रोकंट्रोलर आणि थांब्यांची नावे पुढे सरकवण्यासाठी एक बटण एवढाच त्याचा पसारा. अक्षरे मराठी होती, आणि ती मुलांनी चौकटीच्या कागदावर ठिपके रंगवून स्वतः तयार केली होती. फलक टेबलावर दिवसभर बिनचूक चालला. आम्ही त्याला पहिला क्रमांक दिला.

पुढे शाळेने तो हौसेने आपल्या लहान बसमध्ये बसवला. चालकाने किल्ली फिरवली की फलक विझे आणि पुन्हा पेटताना पहिल्या थांब्यापासून सुरुवात करी. कधी अर्धेच नाव उमटे, कधी फलक एकाच नावावर अडकून बसे. दोन आठवड्यांनी तो कायमचा बंद पडला. ज्या मुलाने प्रोग्रॅम लिहिला होता त्याने दिवाळीची सुट्टी तोच प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा तपासण्यात घालवली. प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. चूक होती ती आम्ही त्याला शिकवलेल्या बॅटरीत, आणि एका हौशी पुस्तकातून जसेच्या तसे उचललेल्या वीजपुरवठ्याच्या सर्किटमध्ये. या लेखात त्या सर्किटचे परीक्षण करायचे आहे. ते प्रदर्शनाच्या दिवशीच करायला हवे होते.

हे सर्किट आपल्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचे आहे. 'मोटारीच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून ५ व्होल्ट मिळवा' अशा मथळ्याखाली ते अनेक पुस्तकांत आढळते. बॅटरीच्या धन टोकाकडून एक फ्यूज, मग १एन४००७ हा डायोड, मग एक धारित्र म्हणजे आपला कपॅसिटर, मग ७८०५ हा तीन पायांचा रेग्युलेटर आणि शेवटी आणखी एक छोटे धारित्र. पाच वस्तू, अर्ध्या तासाचे काम.

प्रथम त्याच्या बाजूने बोलले पाहिजे. तीन पायांचा रेग्युलेटर ही इलेक्ट्रॉनिक्समधील फार सुंदर कल्पना आहे. अमेरिकेतील बॉब विडलार या अभियंत्याने १९६९ च्या सुमारास एलएम३०९ या नावाने पाच व्होल्टचा असा रेग्युलेटर एकाच चकतीवर बसवला. त्यापूर्वी या कामासाठी सुटे ट्रान्झिस्टर, झीनर डायोड आणि रोध जुळवत बसावे लागे. पुढे ७८०० ही मालिका आली आणि शाळेतल्या मुलालाही स्थिर दाब मिळवणे शक्य झाले. तो जास्त तापला तर स्वतःला बंद करतो, जास्त धारा ओढली तर तिला आवर घालतो. टेबलावरच्या प्रयोगासाठी मी आजही तोच सुचवीन. माझा आक्षेप ७८०५ वर नाही, त्या मथळ्यातल्या '१२ व्होल्ट' या शब्दांवर आहे.

वाहनाच्या बॅटरीत बारा व्होल्ट क्वचितच असतात. शिशाच्या सहा घटांची चांगली भरलेली बॅटरी विसावलेली असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झाले की अल्टरनेटर तिला भारित करू लागतो आणि दाब १३.८ ते १४.४ पर्यंत चढतो. इंजिन सुरू करताना स्टार्टर मोटर शंभर-दोनशे अँपिअर धारा ओढते, आणि त्या क्षणी बॅटरीच्या स्वतःच्या अंतर्गत रोधामुळे दाब कोसळतो. तो आठ व्होल्टपर्यंत जाईल, सहापर्यंत जाईल, जुनी बॅटरी आणि थंड सकाळ असेल तर त्याहूनही खाली. हे सर्व काही दशांश सेकंदांत घडते.

आपल्या अभ्यासक्रमाची रचना इथे आड येते. ओहमचा नियम नववी-दहावीत येतो, पण घटाच्या अंतर्गत रोधासाठी अकरावी-बारावीपर्यंत थांबावे लागते. तिथेही तो बहुधा उदाहरणातला एक अंक म्हणून येतो. त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात बॅटरी म्हणजे दोन रेघा, एक लांब आणि एक आखूड, आणि शेजारी एक न बदलणारी संख्या. त्या चित्रावर विश्वास ठेवून मुलाने सर्किट केले तर दोष त्याचा कसा?

आता एकेक भाग पाहू.

७८०५ ला पाच व्होल्ट देण्यासाठी स्वतःकडे सुमारे सात व्होल्ट यावे लागतात. आधीच्या डायोडमध्ये आणखी ०.७ ते ०.८ व्होल्ट खर्च होतात. म्हणजे बॅटरी पावणेआठ व्होल्टच्या खाली गेली की बाहेरचे पाच व्होल्ट ढळू लागतात. बॅटरी सहावर आली तर बाहेर तीन-सव्वातीन व्होल्ट उरतात. ही अवस्था पूर्ण अंधारापेक्षा वाईट. शून्य व्होल्टवर मायक्रोकंट्रोलर निमूटपणे बंद होतो आणि नंतर नव्याने सुरू होतो. तीन व्होल्टवर तो ना जागा, ना झोपलेला असतो. प्रोग्रॅममधली पुढची सूचना तो चुकीची वाचू शकतो, स्मृतीत भलतेच काही लिहू शकतो. 'दाब अमुक पातळीखाली गेला तर सरळ थांब आणि नव्याने सुरू हो' असे सांगणारी सोय बहुतेक मायक्रोकंट्रोलरांत असते, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. आमच्या मुलांनी ती केली नव्हती. त्यांच्या पुस्तकात तिचा उल्लेखच नव्हता.

उष्णतेचा हिशेब आठवीच्या गणितात बसणारा आहे, तरी तो पुस्तकात क्वचितच केलेला दिसतो. इंजिन चालू असताना १४ व्होल्ट येतात असे धरा. डायोडनंतर १३.३ राहिले. फलक अर्धा अँपिअर घेतो. रेग्युलेटरने ८.३ व्होल्ट गिळायचे, म्हणजे सुमारे ४ वॅट उष्णता. हीट सिंक नसलेला ७८०५ दर वॅटमागे सुमारे ६५ अंशांनी तापतो. चार वॅटला २६० अंश होतील, पण तेवढे होण्याआधीच, दीडशे अंशांच्या आसपास, तो स्वतःला बंद करतो. निवला की पुन्हा चालू होतो. मे महिन्यात बंद काचांच्या बसमध्ये दुपारी फलक लुकलुकतो आणि सकाळी ठणठणीत असतो, याचे एक कारण हे असू शकते.

मोठ्या बसची गोष्ट आणखी वेगळी. तिथे दोन बॅटऱ्या एकसर जोडून २४ व्होल्ट घेतलेले असतात आणि चालत्या इंजिनावर ते २८ च्या घरात जातात. तेच सर्किट तिथे लावले तर १४ वॅट ओढून अडीच वॅट कामी येतात. उरलेल्यांपैकी सुमारे अकरा वॅट एकट्या रेग्युलेटरला तापवण्यात जातात. हा वीजपुरवठा नव्हे, ही शेगडी झाली.

डायोडविषयी पुस्तक म्हणते की बॅटरी उलटी जोडली गेली तर तो सर्किटला वाचवतो. हे खरे आहे, आणि गॅरेजमध्ये बॅटरी उलटी जोडली जाते हेही खरे. पण त्याचे दुसरे काम पुस्तक सांगत नाही. स्टार्टरने बॅटरीचा दाब खाली ओढला की डायोड नसेल तर धारित्रात साठलेला भारही उलट बॅटरीकडे पळेल. डायोड ती वाट अडवतो. म्हणजे त्या काही दशांश सेकंदांपुरता फलक धारित्रातल्या शिदोरीवर जगू शकतो. मग शिदोरी किती हवी, हा प्रश्न या सर्किटने विचारायला हवा होता.

तो आपण विचारू. मोठ्या बसचे उदाहरण घेऊ. दाब ०.२ सेकंद कोसळला आणि तेवढ्या वेळात धारित्राचा दाब १० व्होल्ट उतरलेला आपल्याला चालतो. पूर्ण पेटलेला फलक २ अँपिअर घेत असेल तर लागणारी धारिता म्हणजे धारा गुणिले वेळ भागिले दाबातील घट: २ × ०.२ ÷ १० = ०.०४ फॅरड, म्हणजे ४०,००० मायक्रोफॅरड. एवढे धारित्र फलकाच्या पेटीत मावणार नाही. आता एलईडी बाजूला ठेवा आणि फक्त मायक्रोकंट्रोलरचा विचार करा. त्याला ०.०५ अँपिअर पुरतात. उत्तर येते १,००० मायक्रोफॅरड, अंगठ्याएवढी वस्तू.

वाहनातल्या फलकाच्या रचनेचे मर्म या दोन आकड्यांत आहे असे मला वाटते. दिवे आणि स्मृती यांना एकाच नळातून पाणी देऊ नका. दिवे पाव सेकंद मंद झाले तर कोणाचे काही बिघडत नाही. आपण कुठल्या थांब्यावर आहोत हे फलक विसरला तर बिघडते. म्हणून पुरवठ्याच्या दोन शाखा, आणि स्मृतीच्या शाखेला स्वतःचा डायोड व स्वतःचे धारित्र. पाच वस्तूंच्या सर्किटमध्ये आणखी दोन वस्तूंची भर पडते, इतकेच.

याचा नमुना शोधायला दूर जावे लागत नाही. मुंबई महानगर प्रदेशात २०१२ पासून रिक्षांना इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाले. (कल्याण-डोंबिवलीत शेअर रिक्षाने फिरणाऱ्यांना ते पेटलेले पाहण्याचा योग कमी, हा भाग निराळा.) रिक्षावाला सिग्नलला इंजिन बंद करतो, पुन्हा चालू करतो, दिवसातून कितीतरी वेळा. प्रत्येक वेळी मीटरच्या वाट्याला तोच कोसळता दाब येतो. तरी झालेले भाडे पुसले जात नाही. पैशाचा प्रश्न असल्यामुळे तिथे कोणीतरी स्मृतीची काळजी घेतली आहे. थांब्याच्या नावाचीही तेवढीच घ्यावी असे मी म्हणेन. विझलेला फलक पाहून प्रवासी कंडक्टरला विचारतो, पण जुन्याच थांब्यावर अडकलेल्या फलकावर तो विश्वास ठेवतो. ज्याला ऐकू येत नाही त्याला तर फलकावाचून दुसरा आधार नाही. पूर्वीची रंगवलेली पत्र्याची पाटी एवढ्या बाबतीत तरी सरस होती.

आता दाब वर जाण्याची बाजू. स्टार्टरचा धक्का निदान रोजचा असतो. हा क्वचित येतो, पण आला की सर्किट जाळून जातो. अल्टरनेटर बॅटरी भारित करत असताना बॅटरीचे टोक निसटले तर काय होईल? अल्टरनेटरच्या फिरत्या चुंबकाच्या गुंडाळीत धारा वाहत असते. गुंडाळीतली धारा एकदम शून्य होऊ शकत नाही, हे आपण स्वप्रवर्तनाच्या धड्यात शिकवतो. चुंबकक्षेत्र ओसरायला काही दशांश सेकंद लागतात. तोवर अल्टरनेटर जोरात वीज निर्माण करत राहतो आणि ती शोषून घेणारी बॅटरी जागेवर नसते. दाब उसळतो. अभियंते याला लोड डंप म्हणतात. मोटारीतल्या विद्युत उपकरणांसाठी आयएसओ १६७५० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अल्टरनेटरमध्येच दाब रोखण्याची सोय नसेल तर १२ व्होल्टच्या वाहनात ही उसळी ७९ ते १०१ व्होल्टपर्यंत आणि २४ व्होल्टच्या वाहनात १५१ ते २०२ व्होल्टपर्यंत धरून उपकरण तपासावे असे ते सांगते. कालावधी सेकंदाच्या काही शतांशांपासून चार दशांशांपर्यंत.

७८०५ ची सहनशक्ती ३५ व्होल्ट. पुस्तकातले धारित्र बहुधा १६ किंवा २५ व्होल्टचे. १एन४००७ हजार व्होल्ट सोसतो हे खरे, पण ते उलट्या दिशेने. ही उसळी सुलट दिशेने येते आणि डायोड तिला आदराने आत घेतो. फ्यूज वितळेपर्यंत आत काही शिल्लक राहत नाही. आमच्या शाळेच्या बसमधला फलक उघडला तेव्हा १६ व्होल्टचे धारित्र फुगलेले दिसले. बॅटरीचे एक टोकही सैल होते. ते गॅरेजवाल्याने आवळले आणि आम्हाला दाखवले. तेवढ्यावरून निश्चित निदान होत नाही, पण संशयाला जागा आहे.

यावर झीनर डायोड लावा असा सल्ला काही जण देतात. अर्ध्या वॅटचा झीनर या उसळीपुढे उदबत्तीसारखा जळेल. यासाठी मोठी ऊर्जा क्षणभर पचवू शकणारे टीव्हीएस नावाचे डायोड मिळतात. ते फ्यूजनंतर लगेच लावायचे, आणि पुढची प्रत्येक वस्तू त्यांच्या रोखलेल्या दाबाहून जास्त सोसणारी निवडायची. निवडीचा हा क्रम मुलांकडून लिहून घ्यावा. तो समजला की सर्किट पाठ करण्याची गरज उरत नाही.

उष्णतेवर उपाय म्हणजे स्विचिंग रेग्युलेटर. जास्तीचा दाब जाळून टाकण्याऐवजी तो पुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि गुंडाळी व धारित्र मिळून त्याची सरासरी काढतात. २८ चे ५ करायचे तर ढोबळमानाने दर शंभरातला १८ भाग वेळ चालू. कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर अकरा वॅटची उष्णता अर्ध्या वॅटच्या आत येते. हल्ली याचे तयार तुकडे स्वस्त मिळतात आणि मुले तेच लावतात. पण त्याचीही एक खोड आहे. त्याची शक्ती ठरलेली असते. २८ व्होल्टवर तो सुमारे ०.१ अँपिअर घेत असेल, तर दाब १२ वर आला की ०.२५ अँपिअर घेतो. दाब कमी झाला की धारा वाढते! ओहमच्या नियमाला सरावलेल्या विद्यार्थ्याला हे उफराटे वाटेल, आणि वाटायलाच हवे. आधीच दमलेल्या बॅटरीकडून तो जास्त मागतो. त्याच्या पुढे जोडलेल्या गुंडाळी-धारित्राच्या गाळणीशी त्याचे जमले नाही तर साराच पुरवठा आंदोलने करू लागतो. १९७६ मध्ये मिडलब्रुक यांनी याचे गणित मांडले. वर्गात गणित नको. मागणी उलटी वाढते एवढे कळले तरी पुरे.

एक गोष्ट मात्र मला कोणत्याच पुस्तकात सापडली नाही, ती त्या तीन मुलांच्या फलकाने दाखवली. त्यांच्या 'निवासी विभाग' या नावाची शिरोरेघ बाकीच्या अक्षरांपेक्षा फिकी दिसे. आम्ही ते एलईडींच्या दर्जावर ढकलले होते. पण हिशेब करून पाहा. फलकाला १६ आडव्या ओळी आणि ९६ उभे स्तंभ. एका वेळी एकच ओळ पेटते, आणि सगळ्या ओळी सेकंदाला ६० वेळा फिरतात. म्हणजे प्रत्येक ओळीला साधारण एक हजारांश सेकंद मिळतो. नेहमीच्या ओळीत २० एलईडी पेटत असतील तर शिरोरेघेच्या ओळीत ७०. प्रत्येकी २० मिलिअँपिअर धरले तर ०.४ अँपिअरची मागणी क्षणात १.४ वर जाते, आणि हे सेकंदाला ६० वेळा घडते. पुरवठा किंवा तार अपुरी असेल तर नेमकी तीच ओळ मंद होणार. रोमन लिपीत 'डोंबिवली' लिहून चाचणी घेतली तर मागणी ओळींमध्ये बरीच सारखी वाटली जाते आणि दोष लपून राहतो. बाहेरचे तयार सर्किट आपल्या लिपीसाठी तपासून घ्यावे लागते, ते असे. एलईडींच्या शेजारी पुरेसे धारित्र ठेवले आणि तारा जाड घेतल्या की शिरोरेघ उजळते. हे आम्ही नंतर करून पाहिले.

आकडा कसा लिहावा याचा चांगला नमुना आपल्या रुळांवर धावतो. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती १,५०० व्होल्ट एकदिश पुरवठ्यावर. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरचे २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती पुरवठ्याकडे जाण्याचे काम जून २०१५ मध्ये पुरे झाले. मधल्या काळात दोन्ही पुरवठ्यांवर चालणाऱ्या लोकल ठाणे-कल्याण भागात धावत होत्या. बदलाच्या जागी गाडी वीज नसलेल्या तुकड्यातून केवळ वेगावर पुढे सरके. वरची वीज गेली तरी गाडीचे नियंत्रण शाबूत राही, कारण त्यासाठी डब्याखाली ११० व्होल्टची बॅटरी असते. रेल्वेतल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे आंतरराष्ट्रीय मानक या ११० कडे कसे पाहते? उपकरण ७७ पासून १३७.५ व्होल्टपर्यंत अखंड चालले पाहिजे, आणि ६६ पर्यंतची घसरण व १५४ पर्यंतची उसळी थोडा वेळ सोसली पाहिजे. म्हणजे '११०' हे नुसते नाव. खरी संख्या म्हणजे दोन टोके आणि त्यांच्यासोबत लिहिलेली वेळ.

शाळेत हे दाखवायला बस लागत नाही. (चालत्या इंजिनावर बॅटरीची तार काढून पाहण्याचा प्रयोग कोणीही, कधीही करू नये.) चार सुके घट, खेळण्यातली मोटर आणि एक एलईडी समांतर जोडा. मोटर सुरू होताना एलईडी किंचित मंद होतो. मोटरचा आस बोटांनी अडवून धरला तर चांगलाच मंद होतो. शेजारी डिजिटल मीटर लावा. तो सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे मोटर सुरू होतानाची घसरण त्याला बहुधा दिसत नाही, आपल्या डोळ्यांना दिसते. मीटर खोटे बोलत नाही, पण त्याने त्या क्षणी पाहिलेलेच नसते. यावर मुलांशी एक तास सहज बोलता येतो. मग एलईडीच्या वाटेत डायोड आणि धारित्र घाला आणि आस पुन्हा क्षणभर अडवा.

पुढच्या वर्षी त्याच शाळेत मी पुन्हा परीक्षक होतो. जाताना रिक्षाची एक जुनी बॅटरी आणि हॉर्न घेऊन गेलो. बॅटरीवर चालणारे जे जे उपकरण होते त्याला आधी ही बॅटरी जोडायची आणि मग तिच्यावरच हॉर्न वाजवायचा, अशी चाचणी ठेवली. सहापैकी चार उपकरणे पहिल्याच हॉर्नला सारे विसरली. उरलेल्या दोहोंपैकी एक जण गडबडला, पण सावरला. दुसरा होता गेल्या वर्षीचाच फलक, दोन शाखांच्या पुरवठ्यासह. तो पाच हॉर्न होऊनही 'निवासी विभाग'च दाखवत राहिला. सहाव्या हॉर्नला शेजारच्या टेबलावर पाण्याच्या प्रदूषणाचा तक्ता समजावणाऱ्या बाईंनी येऊन, आता हे पुरे करा, असे सांगितले.